टेकूकाका

टेकूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करतात, मग माणसांची. चपला काढता काढता त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दाराशेजारच्या कॉलमवर दोनदा वाजतं. आवाज ‘टण्’ आला तर चेहरा खुलतो आणि ‘काय, मंडळी बरी ना?’ होतं. ‘बद्द’ आला तर यजमानांच्या पोटात गोळा येतो. मग चहा निवेपर्यंत गिलावा कुठे सुटलाय, आतली सळई गंजून किती फुगली असेल आणि वरच्यांच्या मोरीचं पाणी कुठून कुठे मुरतंय, याचं निदान चालतं. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा तीर्थ घेताना त्यांची नजर देवावर नव्हती, चौरंगाच्या बरोबर वर असलेल्या बीममधल्या केसाएवढ्या भेगेवर होती. हात जोडलेले ठेवूनच म्हणाले, “तिरकी आहे. उभी असती तर मी काही बोललो नसतो.” गुरुजींनी पुढचा अध्याय जरा घाईनं आटोपला.

काकूंना या सगळ्याचं आता काही वाटत नाही. “लग्नानंतर पहिल्या रात्री ह्यांनी खोलीतल्या तुळया मोजल्या,” हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना त्या सांगतात. “सात निघाल्या. त्यातल्या दोन किडलेल्या. मग पलंग कुठे सरकवायचा यात रात्र गेली.”

काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, पेन्सिल आणि बोटाएवढा टॉर्च. पँटच्या खिशात रुमालात गुंडाळलेला पितळी ओळंबा. पंगतीत रुमाल काढायला जावं आणि ओळंबा जिलबीच्या ताटात पडावा, असंही झालेलं आहे. चांगली इमारत दिसली की तुम्ही-आम्ही ‘वा’ म्हणतो. काका तिला मनातल्या मनात पाडून बघतात. आधी काय जाईल, कुठल्या अंगाला कलेल, जिना तग धरेल का, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जातं, आणि मग ते एकटेच तिला परत उभी करत बसतात. अशा माणसाला लोक अभद्र बोलणारा म्हणतात आणि वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला विसरतात. काका आमंत्रणाशिवाय येतात.

त्यांचं बालपण कोयनानगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील प्रकल्पावर स्टोअरकीपर. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी जमीन हलली तेव्हा काका आठ वर्षांचे होते. आईनं एका बखोटीला ह्यांना आणि दुसऱ्या बखोटीला बहिणीला धरून अंगणात आणून टाकलं. क्वार्टर्सची वाताहत झाली. 103 मीटर उंचीचं धरण मात्र उभं राहिलं. पण त्याच्या वरच्या भागात, जिथे मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तिथे भेगा गेल्या. मग त्या भेगा भरल्या, आणि धरणाला मागच्या बाजूनं काँक्रीटचे जाडजूड टेकू दिले. शाळा सुटल्यावर बाकीची पोरं विटीदांडू खेळायला जायची, हे टेकू चढताना बघायला जायचे. तिथेच यांचं नाव पडलं, आणि तिथेच यांचा स्वभावही ठरून गेला. मोडलेली वस्तू टाकायची नाही, तिला मागून आधार द्यायचा. यांच्या घरात एका खुर्चीला पाच पाय आहेत. चष्म्याच्या दांडीला तांब्याच्या तारेची पट्टी आहे. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले तेव्हा काकांनी विचारलं, “पाडून नवीन बांधण्याऐवजी आहे त्याचंच मजबुतीकरण होणार नाही का?” डॉक्टरांनी पट्टा लिहून दिला. पट्टा म्हटल्यावर काका खूश झाले.

कारण पट्ट्याशी त्यांचं जुनं नातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकतेच पाठ टेकत होते तेव्हा, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे 52 गावं उचलून दुसऱ्या जागी वसवली गेली, त्यांचे फोटो छापून आले, कोनशिला बसल्या. काकांची बदली तिकडे झाली, पण त्यांच्या वाट्याला कोनशिला नसलेलं काम आलं. जी घरं तडकली होती पण पडली नव्हती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. 13 जिल्ह्यांतली लाखाहून जास्त घरं त्या योजनेत होती.

तिथल्या भिंतीविषयी काका बोलायला लागले की मी पेपर खाली ठेवतो. “भिंत कसली, दोन भिंती त्या,” ते सांगतात. “बाहेरच्या अंगाला दगडाचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मधे चिखल आणि चिपा. जाडी बघून वाटावं, तोफ लागली तरी हलणार नाही. पण एका घरात चाळीस वर्षं अबोला धरलेल्या नवरा-बायकोसारखे ते दोन थर. एकमेकांना धरून ठेवणारा आरपार दगड मधे एक नाही. हलवलं की एक अंगणात जातो, दुसरा घरात. आणि वर काय? माळवद. पावसाळा आला, गळायला लागलं, टाक माती. आज्यानं टाकली, बापानं टाकली, यानं टाकली. काढली कुणीच नाही. एवढा भार डोक्यावर, आणि पायाखाली हा अबोला.” बोलता बोलता त्यांचे दोन्ही तळवे समोरासमोर उभे राहतात आणि हळूहळू लांब होतात.

उपाय कागदावर सोपा होता. माळवदावरची माती कमी करायची. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांत सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन थर बांधले जातील. दारा-खिडक्यांच्या वरून सबंध घराभोवती तारेच्या जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतील. नवीन घराच्या मानानं खर्च किती तरी कमी. पण ज्याच्या घरातलं माणूस त्या दगडाखाली गेलं, त्याला हे सांगायचं कुणी? काकांनी सांगितलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट गालात सरकवली आणि म्हणाला, “सायेब, ज्या भिंतीनं माझी सून खाल्ली तिलाच पट्टा बांधा म्हणलालाव तुम्ही. बांधा. पर तिच्याखाली निजणार कोण?”

काका म्हणाले, मी निजतो.

आणि खरोखरच निजले. त्याच गावात एका घराचं काम पूर्ण करून घेतलं, आणि पट्टा पुरता वाळल्यावर रात्री सतरंजी आणि कंदील घेऊन एकटे आत गेले. साहेब मरतो का जगतो ते बघायला अर्धं गाव समोरच्या पारावर जमलं. बायकांनी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या, कुणी तरी भजनही धरलं. पहाटे पहाटे जमीन जराशी कुरकुरली. तेव्हा असे बारीक धक्के येतच होते. पार रिकामा झाला, लोक शिवारात पळाले. काका घोरत होते. हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव भूकंप, जो त्यांना कळला नाही, आणि याची रुखरुख त्यांना अजून आहे.

सकाळी म्हाताऱ्यानं त्यांच्या गळ्यात हार घातला. घराभोवती एक फेरी मारली, पट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “मजबूत झालं, सायेब. आता यात कडबा ठिवतो. आन् माझ्या नावाचं पैसं येतील त्यात शेजारी पत्र्याची एक खोली बांधून द्या. निजायला.”

पुष्कळ गावांत हेच झालं. दगडी वाडा जनावरांना आणि धान्याला, माणसं पत्र्याखाली उन्हात भाजत. काका हे हसत सांगतात, पण सांगून झाल्यावर जरा वेळ चष्म्याची तार चाचपतात.

कोयनेला पहाट, किल्लारीला पहाट. त्यामुळे पावणेचार ते साडेचार या वेळात काका झोपत नाहीत. तो पाऊण तास ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन फिरतात. 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप सकाळी पावणेनऊला झाला तेव्हा त्यांचा हा हिशेब कोलमडला होता. दोन दिवस ते अस्वस्थ होते. मग त्यांनी मार्ग काढला. पहाटेचा पाऊण तास तसाच ठेवला आणि सकाळी पावणेनऊला दाढी उंबऱ्यात उभं राहून करायला सुरुवात केली.

भूजनं त्यांना आणखी एक गोष्ट दिली, आणि आमच्या सोसायटीच्या शांततेचा भंग तिथून सुरू झाला. भूजपासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत चांगल्या उभ्या इमारती बसल्या. त्यांतल्या कित्येकींच्या तळमजल्यावर पार्किंग होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती, त्यामुळे ते ताठ. खाली नुसते काटकुळे कॉलम. जमीन आडवी हलली की सगळा ताण त्या काठ्यांवर येतो. वरचे चार मजले एकसंध राहतात आणि खालचा एक नाहीसा होतो. याची दखल घेऊन 2002 साली भारतीय मानकात नियम आला, की असा मोकळा मजला असेल तर त्याचे कॉलम-बीम अडीचपट जोराला पुरतील असे करा. आमच्या दोन्ही विंग 1988 च्या. खाली गाड्या, वर चार मजले माणसं, आणि कॉलम नऊ बाय अठराचे.

काकांना ही इमारत आवडून त्यांनी इथे घर घेतलं नव्हतं. काकूंनी घेतलं, काका किल्लारीला असताना. बदली संपवून ते आले, रिक्षातून उतरले, सामान तसंच फुटपाथवर ठेवून पार्किंगमध्ये शिरले आणि प्रत्येक कॉलमला पेर लावत शेवटपर्यंत गेले. मग वर येऊन काकूंना म्हणाले, “घर छान आहे. फक्त खाली काही नाही.”

काकांचा स्वभाव कळायला तो गुलाबी रंगाचा दिवस बघायला हवा होता. एका रविवारी सकाळी ते छिन्नी, हातोडी आणि नाकात औषध मारतात तसली फवाऱ्याची बाटली घेऊन खाली उतरले. एका कॉलमचा सुपारीएवढा टवका काढला, फुंकर मारून भोक साफ केलं आणि आत फवारा मारला. बाटलीत फिनॉल्फ्थॅलीन होतं. काँक्रीट निरोगी असेल तर त्याला गुलाबी रंग चढतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून त्याचा क्षार गेला असेल तर रंग चढत नाही, आणि अशा काँक्रीटमध्ये सळईला गंजापासून राखणारं काही उरत नाही. पोरं गोळा झाली. वॉचमनला वाटलं, काकांची रंगपंचमी लवकर आली. भोकाच्या तळाशी झकास गुलाबी उमटला, पण बाहेरचा इंचभर भाग राखाडीच राहिला. काकांनी स्टीलची पट्टी लावली, मान डोलावली आणि पोरांना म्हणाले, “सळई कुठे आहे सांगा?” एका चिमुरडीनं राखाडीवर बोट ठेवलं. “शाब्बास,” काका म्हणाले, “तू हो इंजिनिअर.” तिच्या आईनं तिला हाताला धरून वर नेलं. त्या दिवशी प्रत्येक कॉलमला एक बेंबी झाली, आणि काकांना सेक्रेटरींचं पहिलं पत्र आलं.

पुतणीच्या लग्नाची बोलणी त्यांच्यामुळे मोडता मोडता राहिली. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, घर बाणेरला, सगळं जुळलेलं. पोहे झाले. मुलाचे वडील म्हणाले, काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा. काकांनी मोकळेपणानं विचारलं, “तुमचा तळमजला मोकळा आहे का?” ते म्हणाले, “हो हो, दोन गाड्यांचं कव्हर्ड पार्किंग आहे.” काकांनी आमच्याकडे बघून मान हलवली, पत्रिकेत मंगळ सापडल्यावर हलवतात तशी. “इमारत 2002 च्या आधीची का नंतरची?” नंतरची होती. काकांनी तिथल्या तिथे उठून व्याह्यांना मिठी मारली. लग्नानंतर कितीतरी दिवस त्या बिचाऱ्यांना कळलं नव्हतं की आपल्याला पसंत का केलं.

काकांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ असतो. त्यानं आई-वडिलांना बोलावून घेतलं, सहलीचा तक्ता केला. काकांनी तक्ता बाजूला ठेवला आणि मरीना भागाचा नकाशा मागितला. 1989 च्या भूकंपात तिथल्या, खाली गॅरेज आणि वर बिऱ्हाडं असलेल्या लाकडी इमारती गुडघ्यात मोडल्या होत्या. 2013 साली त्या शहरानं कायदाच केला. 1978 पूर्वी परवानगी घेतलेल्या, तीन किंवा जास्त मजल्यांच्या आणि पाच किंवा जास्त बिऱ्हाडांच्या अशा लाकडी इमारतींनी आपला तळमजला बळकट करून घ्यायचा. जो मुदतीत करणार नाही, त्याच्या दारावर महापालिका पाटी लावते की ही इमारत भूकंपाच्या दृष्टीनं नियमात बसत नाही. काका लोकांच्या गॅरेजमध्ये वाकून वाकून बघत हिंडले. एका बाईंनी पोलिसांना फोन करायला मोबाइल काढला, तेव्हा काकांनी खिशातून ओळंबा काढून दाखवला. हे धोकादायकच होतं, पण बाई समजूतदार निघाल्या. आपल्या गॅरेजमध्ये नव्यानं बसवलेली लोखंडी चौकट त्यांनी दाखवली, नटबोल्ट दाखवले, कॉफी दिली. जाताना काकांनी त्या चौकटीवर पेर वाजवलं आणि त्यांचे डोळे पाणावले, असं काकू सांगतात. त्या सहलीच्या फोटोंत गोल्डन गेट पूल आहे, पण खालून. वर रंग बघायला सगळेच जातात. काकांना त्याच्या पायांना दिलेली मजबुती बघायची होती.

येताना त्यांनी एक कल्पना आणली. वार्षिक सर्वसाधारण सभेत ती मांडली. आमच्या आवारात दोन विंगांच्या दोन वेगळ्या सोसायट्या आहेत. पूर्वी त्या एक होत्या, एका उन्हाळ्यात टँकरच्या पैशांवरून फाटलं. पण वार्षिक सभेचा वडा स्वस्त पडावा म्हणून सभा आजही एकाच दिवशी, एकाच मांडवात होते. गणसंख्या नसल्यानं सभा अर्धा तास तहकूब करून पुन्हा भरली. हिशेब, लिफ्ट, कबुतरं, कुत्री हे विषय झाले. ‘ऐनवेळी येणारे विषय’ आला, म्हणजे काका उभे राहिले. वर्षानुवर्षं त्यांचा विषय ऐनवेळीच येतो.

“आपण फाटकावर एक पाटी लावावी,” ते म्हणाले.

“कसली?”

“की ही इमारत भूकंपाला पुरी पडणार नाही.”

बी विंगचे अध्यक्ष इस्टेट एजंटही आहेत. त्यांच्या हातातला वडा तोंडापर्यंत जाऊन परत आला. “अहो साहेब, रेट पडतील!”

“आधी तेच पडू देत,” काका म्हणाले.

मग नेहमीप्रमाणे सभेला कंठ फुटला. एक जण म्हणाले, पुण्यात भूकंप होत नाही. काका म्हणाले, कोयनेचा पुण्याला आणि मुंबईलाही जाणवला होता. दुसऱ्यांनी विचारलं, पुणं झोन तीनमध्ये आहे ना, म्हणजे आधी एक आणि दोनचा नंबर लागणार. काकांनी शांतपणे सांगितलं की नंबर वाढतो तसा धोका वाढतो. तिसऱ्यांनी आठवण दिली, की ऑडिट झालंय. इथे काका तापले. तीस वर्षांपुढच्या इमारतीला दर तीन वर्षांनी ऑडिट लागतं, ते आम्ही केलं होतं, अहवालाचं बाडही कपाटात होतं. “ऑडिटवाल्यानं इमारत स्वतःचं वजन पेलते का ते पाहिलं. भूकंप वजन घालत नाही, आडवा ढकलतो. ते बघा असं आपण त्याला सांगितलंच नाही, कारण त्याचे जास्त पैसे पडले असते.” चौथे म्हणाले, “कशाला हे? पाच-सात वर्षांत रीडेव्हलपमेंट होणारच आहे. बिल्डर तीस टक्के जागा जास्त देतोय.” त्यावर टाळ्या पडल्या. रीडेव्हलपमेंटच्या विषयाला आमच्याकडे आरतीसारख्या टाळ्या पडतात. पाच-सात वर्षांत ते होणार, हे मी खजिनदार असतानाही ठरलेलं होतं, आणि त्याला आता बराच काळ लोटला.

शेवटी ‘कॉलम बळकट करून घ्या, नाही तर पाटी लावा’ असा ठराव झाला. मत घेतलं. बी विंगनं, म्हणजे काकांच्या आणि माझ्या विंगनं, ठराव फेटाळला आणि त्या पैशांत इमारतीला बाहेरून रंग आणि फाटकाला ग्रॅनाइट लावायचं ठरवलं. बी विंगनं फेटाळला हे ऐकताच ए विंगनं तो एकमतानं मंजूर केला. दोन विंगांमधलं वैर मला आजवर निरुपयोगी वाटत आलं होतं.

सल्लागार इंजिनिअर नेमला, आराखडा झाला, आणि ए विंगच्या कॉलमना जॅकेट घालायचं काम सुरू झालं. काका त्या तीन महिन्यांत घरी जेवायलाही नीट आले नाहीत. जुन्या कॉलमला टाचे मारल्याशिवाय नवं काँक्रीट त्याला धरत नाही, म्हणून ते टाचे मोजत. नव्या सळया फरशीपाशी थांबवून ठेकेदार मोकळा होऊ बघत होता. काका स्वतः खड्ड्यात उतरून बसले, आणि सळया खाली पायापर्यंत जाऊन भोकात केमिकल भरून बसल्याशिवाय वर आले नाहीत. त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे पेढ्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेला 135 अंशांचा कोन. सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं तेवढी वळून काँक्रीटच्या पोटात गेली पाहिजेत. काटकोनात सोडली तर जोरात हलल्यावर उघडतात. काका प्रत्येक रिंगेला पुठ्ठा लावत. सळई बांधणारा पोरगा झारखंडचा. पहिल्या आठवड्यात तो काकांना बघून तोंड फिरवायचा. शेवटच्या आठवड्यात तोच ठेकेदाराला सांगत होता, “ये नहीं चलेगा, चाचा का डिब्बा लगाओ पहले.” गावी जाताना तो पुठ्ठा मागून घेऊन गेला.

कॉलम चारही बाजूंनी चार-चार इंच वाढले. नऊचे सतरा झाले, आणि मग खरा हादरा बसला. ए विंगमधल्या एका गृहस्थांनी त्याच वर्षी मोठी थोरली गाडी घेतली होती. ती दोन कॉलमांच्या मधे आत जाते, पण एकदा गेली की दार उघडत नाही. महिनाभर ते डिकीतून उतरत होते. त्यांनी समितीला लिहिलं की कॉलम पुन्हा बारीक करून मिळावेत. काकांनी स्वतःचं बी विंगमधलं पार्किंग त्यांना देऊ केलं. काकांकडे गाडी नाहीच, त्या जागेत त्यांची पाच पायांची दुसरी खुर्ची असते. गृहस्थांनी जागा पाहिली, नऊ इंची कॉलम पाहिले आणि म्हणाले, “इथे? नको. काही झालं तर गाडी नवीन आहे.”

पुढच्या सभेत ए विंगचे एक सभासद उठले. एवढा पैसा घातला, इमारतीत फरक काय पडला? बाहेरून बघा, बी विंग कशी झळकतेय. काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन विंगांमधल्या दोन इंची फटीकडे मात्र त्यांचं बोट गेलं. तिथे कबुतरांनी काड्या भरल्या आहेत. हलताना लवलवणारी बी विंग ताठ झालेल्या ए विंगवर आपटणार, हा त्यांचा पुढच्या ऐनवेळेचा विषय आहे.

हल्ली पहाटे पावणेचारला ते आपल्या विंगच्या पार्किंगमध्ये फिरत नाहीत. खुर्ची उचलतात आणि ए विंगच्या तिसऱ्या कॉलमला टेकवून बसतात. मी एकदा विचारलं, मोकळ्या मैदानात का नाही बसत? म्हणाले, डास असतात. आणि काकू? “तिला रोज बोलावतो. ती म्हणते, पडायचंच असेल तर मी गादीवर पडेन.”

गेल्या महिन्यात ए विंगच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, की ‘बी विंगमधील व्यक्तींनी ए विंगच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसू नये. हुकमावरून.’ नोटिशीत नाव नव्हतं, गरजही नव्हती. आम्हाला वाटलं, म्हातारा दुखावणार. काकांनी टॉर्च लावून ती दोनदा वाचली, पट्टीनं काही तरी मोजलं आणि घरी जाऊन दोन प्रतींत तीन पानी पत्र लिहिलं. बसण्याच्या मनाईबद्दल त्यात एक अक्षर नाही. नोटीस लावताना नव्या जॅकेटमध्ये अडीच इंची खिळा ठोकण्यात आला असून, त्या ठिकाणी सळईवरचं काँक्रीट किती आहे याचा विचार केलेला दिसत नाही, खिळा तातडीनं काढून भोक योग्य त्या मिश्रणानं भरून घ्यावं, आणि यापुढच्या सर्व नोटिसा बी विंगच्या कॉलमना ठोकाव्यात, तिथे काहीच बिघडणार नाही.